तुमचे अडतीस, माझे अडतीस

दिवाळीनंतरचा दुसरा शनिवार, सकाळी अकराचा सुमार, वाडीतलं लोकरीचं दुकान. हजर आम्ही तिघं: मी, माझी बायको आणि दुकानदार. शेवाळी रंगाच्या लोकरीचे आठ गुंडे, चारशे चाळीस रुपये. क्रोशाची एक सुई, तीस रुपये. एकूण चारशे सत्तर. पैसे मी दिले आणि पिशवीही मीच धरली, कारण बायकोचा उजवा हात पदराखाली होता. प्लास्टर निघाल्यापासून तो तिथेच असायचा.

हात गणपतीत मोडला. आम्ही गुजरातेत तरसालीला राहतो. सोसायटीच्या फाटकाशी गटाराचं झाकण रस्त्यापेक्षा जरा वर आलेलं आहे, त्यावरून तिची स्कूटर घसरली. वेग म्हणावा असा नव्हताच. पण पडताना तिने उजवा हात टेकला आणि मनगटाचं हाड मोडलं. सहा आठवडे प्लास्टर होतं. दिवाळीच्या तोंडावर ते काढलं तेव्हा डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाकडे धरला आणि म्हणाले, "हाड अगदी सरळ जुळलंय. माझं काम झालं. आता बोटं तुमची तुम्ही चालवायची."

बोटं चालेनात. अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांपर्यंत पोचायची, पण त्यांच्यात पकड नव्हती. पेन धरलं की गळून पडायचं. चहाचा कप ती डाव्या हाताने घेई. साडीची पिन लावायला शेजारच्या बेनकडे जाई. केस मी बांधत असे, म्हणजे सगळे गोळा करून रबर लावत असे. वेणी मला येत नाही. पहिल्या दिवशी आरशात बघून ती म्हणाली, "पार्सल बांधल्यासारखं झालंय. वर पत्ता घाला आता."

ती गुजराती शाळेत तिसरीला शिकवते, बावीस वर्षं झाली. तिचं फळ्यावरचं अक्षर मी पाहिलं आहे. पट्टी न लावता ओळ सरळ जाते आणि शेवटचं अक्षर पहिल्याएवढंच असतं. रजा डिसेंबरअखेरपर्यंत होती. दिवाळीच्या सुट्टीत मुख्याध्यापिकाबेनचा फोन आला. बाई चांगल्या आहेत, चांगल्याच भावनेने बोलल्या, "जानेवारीत या, बेन. फळ्यावर लिहायला नाही फावलं तर ऑफिसात बसा, फी नि हजेरीचं बघा. वर्ग दुसऱ्या बेनला देऊ."

फोन ठेवून ती म्हणाली, "मी कारकुनी करायला शाळेत गेले नव्हते."

मी वाघोडियाच्या एका कारखान्याच्या हिशेब खात्यात सत्तावीस वर्षं कारकुनीच करतो आहे. पण ते बोलून दाखवायची ही वेळ नव्हती. तिचा वर्ग जाणार होता. त्यानंतर तिने फोनबद्दल एक शब्द काढला नाही, आणि ती गप्प बसली म्हणजे प्रकरण खोल गेलं हे मला लग्नापासून माहीत आहे.

आठवड्यातून तीनदा एक फिजिओ मुलगी घरी यायची. गुजराती, पंचविशीची, बायकोला मासी म्हणायची आणि मला काका. तिने स्पंजचा चेंडू दाबायला दिला, कपड्यांचे चिमटे उघडायला दिले, एका वाटीतला राजमा दुसऱ्या वाटीत टाकायला सांगितलं. ती समोर असेपर्यंत बायको ते सगळं करी. दार लागलं की हात पदराखाली.

"अगं, दिवसातून चारदा करायला सांगितलंय तिने."

"बालवाडीत बसवलंय मला. एवढा राजमा तुम्हीच हलवा इकडून तिकडे, आणि मग त्याचं शाक करा."

मी ते हट्टीपणात जमा केलं होतं. तिला भीती वाटत होती हे मला पुष्कळ उशिरा कळलं. व्यायाम केलाच नाही तर हात बरा होणार नाही हेही सिद्ध होत नाही, असं काहीतरी तिचं चाललं असावं.

अशात पुण्याहून मुलीचा फोन आला. ती तिथे नोकरी करते. रोज रात्री जेवणाच्या वेळी ती व्हिडिओवर येते आणि आमच्या ताटात डोकावते.

"आई, मला एक क्रॉप्ड कार्डिगन कर ना. क्रोशाचं. इथे सगळ्या मुली घालतात. विकत घ्यायचं तर अडीच हजार."

"ह्या हाताने?"

"लोकर तू कुठल्या हाताने धरतेस? डाव्या. डावा ठीक आहे ना?"

"आणि सुई कोण धरणार?"

"बाबा."

मी खाखरा मोडत होतो. मागे आणखी कोणी बाबा उभा आहे का म्हणून वळून पाहिलं.

"हसू नकोस, बाबा. तू सुई धर, आई सांगेल तसं कर. तुला नुसतं मोजायचंय. ते तर तू झोपेतही करतोस."

तिने कार्डिगनचा फोटो पाठवला. समोरून उघडं, पाच बटणं, आणि कमरेच्या चांगलं वर संपलेलं. बायकोने फोटो मोठा करून पाहिला, लहान करून पाहिला.

"लोकर संपली म्हणून सोडून दिलंय हे."

"आई, ती फॅशन आहे!"

आमच्या दोघांच्याही लहानपणीच्या घरांत कपडा नेहमी वाढत्या मापाचा शिवत. फ्रॉकच्या घेराला आत चार बोटं दुमड, पँटच्या पायाला तीन. माझा मुंजीतला कोट मी दहावीपर्यंत घातला. असल्या माणसांना मुद्दाम तोकडा केलेला कपडा समजायला वेळ लागतो. पण तोकडा म्हणजे कमी काम, एवढं दोघांनाही पटलं. म्हणून त्या शनिवारी आम्ही वाडीत गेलो. पोळांच्या, म्हणजे जुन्या मोहल्ल्यांच्या, त्या गल्ल्यांत रिक्षा शिरत नाही, तेव्हा मांडवीपासून चालत. मला सहा गुंडे पुरतील असं वाटत होतं, ती आठ म्हणाली. दुकानदार म्हणाला, "आठ ज लई जाओ, काका. वधशे तो पाछा लई लईश." उरले तर परत घेईन म्हणतो, त्या माणसाशी काय घासाघीस करायची?

त्याच दुपारी आम्ही कोचावर बसलो. ती डावीकडे, मी उजवीकडे, गुडघ्याला गुडघा लावून. लोकर तिच्या डाव्या हाताच्या बोटांतून आलेली आणि सुई माझ्या उजव्या हातात. म्हणजे दोघांचा मिळून एक विणणारा माणूस झाला. ती लोकर पुढे करायची, मी सुईचा आकडा त्यात अडकवून ओढायचा.

"साखळी घाला. अजून एक. अहो, ओढा म्हणजे उपटा नव्हे."

"मी उपटत नाहीये."

"सुई अशी काय धरलीय? स्क्रू पिळायचाय का?"

पहिल्या दिवशी वीस साखळ्या झाल्या आणि दोन भांडणं. पण चार-पाच दिवसांत मला समजायला लागलं. साखळी म्हणजे एक फास. सुईवर लोकरीचा वेढा घेऊन खालच्या ओळीत खुपसायची आणि दोन-दोन फास ओढून काढायचे, की एक उभा खांब तयार होतो. खांबाशेजारी खांब, ओळीवर ओळ. ओळ संपली की कापड वळवायचं आणि तीन साखळ्या घालायच्या. त्या तीन साखळ्या पुढच्या ओळीचा पहिला खांब धरायच्या. हे मला फार आवडलं. मागील पानावरून पुढे आणलेली रक्कमच ती. बायका पिढ्यान्‌पिढ्या मांडीवर जमाखर्च लिहीत आल्या आहेत हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

असं करत पाठ झाली. मग समोरची डावी बाजू, म्हणजे डावा पुढा झाला, अडतीस खांबांची ओळ, चोवीस ओळी. हेही जोडीने. मी मोठ्याने मोजायचो, ती लोकर सोडायची. फिजिओ मुलगी एकदा आली तेव्हा आम्ही तसेच बसलो होतो. ती दारातच थांबून हसली. "काका, कामाला लागले! पण मासी, हात माझ्याकडे द्या, डावा नाही, उजवा." उजवा हात तसाच होता. डावा दिवसभर राबायचा आणि उजवा मांडीवर पाहुण्यासारखा बसायचा.

आता माझी चूक. डाव्या पुढ्यानंतर मला वाटायला लागलं की हे आपल्याला येतं. लोकर स्वतःच्या डाव्या हाताने कशी धरायची ते मी तिच्याकडे बघून उचललं होतं. तिला एकदा तपासणीला जायचं होतं, एकदा तिच्या बहिणीकडे. म्हटलं, तिला कशाला बसवून ठेवायचं? कंपनीच्या बसमधून संध्याकाळी घरी आलो की चहा घेऊन मी एकटा बसायचो आणि उजवा पुढा विणायचो. अडतीस खांब. ओळ झाली की परत मोजायचो. उलटीकडून तिसऱ्यांदा. चोवीस ओळींत एकही खांब चुकला नाही, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन.

पूर्ण झाला त्या रविवारी सकाळी तिला म्हटलं, "ये, बघ."

तिने पलंगावर चादर सारखी केली. डावा पुढा ठेवला. त्याच्या शेजारी माझा ठेवला. मग एकावर एक ठेवला. माझा पुढा तीन बोटं अरुंद होता आणि दोन बोटं आखूड.

"शक्य नाही," मी म्हणालो. "मोज तू. अडतीस आहेत."

"आहेत."

"ओळी चोवीस आहेत."

"त्याही आहेत."

"मग?"

"अहो, तुमचे अडतीस आणि माझे अडतीस!" एवढं म्हणून ती पलंगाच्या कडेला बसली आणि हसायला लागली. गणपतीनंतर ती हसली नव्हती. "हात लावून बघा जरा. हे कार्डिगन आहे? हे पायपुसणं आहे! प्रत्येक फास असा आवळलाय, जसा कोणी पळवून नेणार होता."

मी हात लावून पाहिला. खरोखर पायपुसण्यासारखा घट्ट होता. जोडीने विणताना लोकर तिच्या डाव्या हातातून सैल येत होती, म्हणून माप बरोबर निघालं होतं. एकट्याने मी ती ताणून धरली. मी मोजत राहिलो आणि पट्टी एकदाही लावली नाही. कारखान्यात आम्ही आकडा जुळला की पान उलटतो. कपड्याला आकडा जुळून चालत नाही, तो अंगाला जुळावा लागतो.

मुलीला हे त्याच दिवशी कळवण्यात आलं. कळवणारा मी नव्हे. "बाबा, टाकेसुद्धा काटकसरीने!" ती इतकी हसली की फोन हलून तिच्या छताचा पंखा दिसायला लागला.

उसवायचं काम माझ्याकडे आलं. उसवायला काही अक्कल लागत नाही. टोक ओढायचं की सर्रकन ओळ जाते. मी पुन्हा सुरुवात केली, आता मुद्दाम सैल. तीन ओळींनंतर पट्टी लावली तर दोन बोटं रुंद. पुन्हा उसवलं. मग पुन्हा अरुंद. लोकर कुरळी झाली, पण तिचा हात मला साधला नाही. ती समोरच्या खुर्चीवर बसून बघत होती. तिसऱ्यांदा मी टोक ओढायला घेतलं तेव्हा म्हणाली, "ठेवा ते. उद्या बघू."

दुसऱ्या दिवशी मी कामावरून आलो. चहा तिने नेहमीप्रमाणे डाव्या हाताने ओतला. लोकरीची टोपली कोचाशी होती. मी सवयीने उचलली. उजव्या पुढ्याच्या दोन ओळी विणलेल्या होत्या. पहिल्या ओळीतले खांब दातांसारखे वाकडेतिकडे, कुठे उंच कुठे बुटके. दुसरी ओळ जरा बरी. मी खिशातली पट्टी काढली. रुंदी डाव्या पुढ्याएवढी, बरोबर.

"हे कोणी केलं?"

"शेजारच्या बेननी."

"शेजारच्या बेनना क्रोशा येत नाही."

"मग भुताने केलं असेल. चहा घ्या, निवतोय."

मी कपाला हात लावला नाही. शेवटी तिने उजवा हात पदराखालून काढला आणि टेबलावर ठेवला. अंगठ्याच्या पेराला सुईचा लाल वळ उठला होता.

"पहिली ओळ विणायला दुपार गेली," ती म्हणाली. "किती वेळा सुई पडली विचारू नका. पण तुमची ती ओढाताण मला बघवेना."

 मी म्हणालो, "छान आहे." आणि आत जाऊन हातपाय धुतले, जरा जास्त वेळ.

मी इथे थांबवायला हवं होतं. पण तिला जोर आला होता आणि मला आनंद झाला होता. पुढच्या दोन दिवसांत तिने आठ ओळी केल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी हात सुजला. बोटं पावासारखी टम्म, अंगठी रुतलेली, मूठ मिटेना. प्लास्टर काढल्या दिवशी होती त्याहून वाईट अवस्था.  हात पदराखाली गेला.

फिजिओ मुलगी आली तेव्हा पहिल्यांदाच चिडलेली पाहिली. "मासी, कोणी सांगितलं होतं एवढं करायला? काका, तुम्ही घरात असून?" मी घरात नव्हतो, वाघोडियाला होतो, पण हा बचाव मी केला नाही. तिने तीन दिवस सगळं बंद करायला सांगितलं. हात उशीवर उंच ठेवायचा, बर्फ लावायचा, बस. मी लोकरीची टोपली कपाटात ठेवली आणि कुलूप लावून किल्ली खिशात घातली. तशी कुलपाची गरज नव्हती. तिने त्या तीन दिवसांत टोपलीचं नावही काढलं नाही.

ते तीन दिवस मला कठीण गेले. डिसेंबर अर्धा सरला होता. बसमध्ये बसलो की डोक्यात तेच: हाड जुळलं होतं, आपण लोकर आणली, आपण चुकीचा पुढा विणला, म्हणून तिने सुई धरली, म्हणून हात गेला. हिशेब सरळ होता आणि शेवटची रक्कम माझ्या नावावर पडत होती. ऑफिसात शेजारच्या टेबलावरचा माणूस म्हणाला, "केम काका, तब्येत तो सारी छे ने?" मी म्हटलं, तब्येत ठीक आहे, बेरीज चुकतेय.

चौथ्या दिवशी सकाळी ती उठली आणि डाव्या हाताने उजव्या हातातली अंगठी फिरवून पाहिली. फिरली. मग मूठ मिटून पाहिली. मिटली. सुजेआधी मिटायची त्यापेक्षा जास्त मिटली. बोटांची टोकं तळव्याला टेकली. हे तिने मला दोनदा करून दाखवलं.

"किल्ली द्या," ती म्हणाली.

"ती मुलगी आल्याशिवाय नाही."

"मग बोलवा तिला आज."

फिजिओ मुलगी संध्याकाळी आली. हात दाबून, वाकवून पाहिला. मग म्हणाली, "चला मासी, माझ्यासमोर विणा. बघू कसं धरता ते."

बायकोने सुई उचलली. मी सुई मुठीत धरायचो, बहुतेक लोक भाजी चिरायच्या सुरीसारखी धरतात म्हणे. ती मात्र पेनासारखी धरते, अंगठा, पहिलं बोट आणि खालून मधल्याचा आधार. लहानपणापासूनची सवय. तिने एक खांब घातला, दुसरा घातला. मुलगी पुढे वाकली.

"मासी! आ तो मारे जोईती हती ए ज पकड!"

तिला हवी होती तीच पकड. चिमटे, राजमा, स्पंज ह्या सगळ्याचा खटाटोप ती ज्यासाठी करत होती ती ही. बायकोने सुईकडे पाहिलं, मग आपल्या बोटांकडे. हात तसाच हवेत उचलला, सुई धरलेला, खांद्याच्या उंचीपर्यंत.

"खडू असाच धरतात," ती म्हणाली.

नियम ठरला. पाव तास विणायचं, मग कोमट पाण्यात हात, मग विश्रांती. दिवसातून चार वेळा. घड्याळ माझ्याकडे, आणि मी कामावर असताना शेजारच्या बेनकडे. त्या दारातूनच ओरडायच्या, "बस करो हवे, बेन!" आणि बायको इकडून, "आ एक खांबलो, बस!" आवाज जिन्यापर्यंत जायचा. ओळी हळूहळू वाढत होत्या, पण हात पुन्हा सुजला नाही. उजवा पुढा पुरा झाला, डाव्यावर ठेवला, कडेला कड लागली. मग बाह्या. दुसऱ्या बाहीतले खांब एकसारखे होते, मशीनवर काढल्यासारखे. एकदा सकाळी मी रबर घेऊन केस बांधायला गेलो तर ती आरशापुढे उभी होती आणि वेणी घालून झाली होती. मी रबर परत खुंटीला लावलं.

तरीही विणणं वेगळं आणि फळा वेगळा. विणताना हात मांडीवर असतो. फळ्यावर तो डोक्याच्या वर न्यावा लागतो आणि खडू दाबावा लागतो. हे तिला माहीत होतं, मलाही. सोमवारी रुजू व्हायचं, त्याच्या आदल्या रविवारी दुपारी ती म्हणाली, "गच्चीवर चला."

गच्चीत जिन्याच्या खोलीची भिंत आहे, नुसत्या सिमेंटची, रंग न दिलेली. आजूबाजूच्या गच्च्यांवर पोरं पतंगांचा सराव करत होती, कोणाच्या तरी स्पीकरवर गाणी. तिने पर्समधून खडू काढला. कधीपासून पर्समध्ये ठेवला होता कोण जाणे.

"तुम्ही तिकडे बघा."

"का?"

"बघा म्हटलं ना."

मी पतंगांकडे बघत उभा राहिलो. मागे खडूचा आवाज आला, थांबला, परत आला. सिमेंटवर खडू फार कर्कश वाजतो. एकदा तो तुटून खाली पडल्याचं ऐकू आलं. मी वळलो नाही. आवाज परत सुरू झाला आणि मग बराच वेळ थांबला नाही.

"बघा आता."

तिने वर तारीख-वार घातले होते, शाळेत घालतात तसे, गुजरातीत. खाली क, ख, ग पासून एक ओळ. त्याखाली बाराचा पाढा. पहिल्या ओळीतली अक्षरं थरथरलेली होती आणि ओळ जराशी उजवीकडे उतरली होती. पाढ्यापर्यंत येईतो उतार नाहीसा झाला होता. शेवटचं एकशे वीस पहिल्या बाराएवढंच ठळक होतं.

ती उजव्या हाताचं मनगट डाव्याने धरून उभी होती, बोटांना खडूची भुकटी लागलेली.

"दुखतंय?"

"दुखतंय. पण लिहितंय."

 गणपतीपासून मी खांदे आवळून चालत होतो हे ते खाली आले तेव्हा कळलं. मी पाढा वरपासून खालपर्यंत वाचला, बरोबर आहे म्हणून सांगितलं. "तपासताय काय!" ती म्हणाली आणि खडूचा हात माझ्या शर्टाला पुसला.

सोमवारी ती शाळेत गेली, रिक्षाने, स्कूटरने नाही. संध्याकाळी आल्यावर सांगितलं, वर्ग तिच्याकडेच राहिला. मुख्याध्यापिकाबेन पहिल्या तासाला दारात येऊन उभ्या राहिल्या, फळ्याकडे पाहिलं, आणि "चालू राखो, बेन" म्हणून गेल्या. मुलांनी विचारलं, हात कशाने मोडला. ती म्हणाली, वर्गात बोलणाऱ्या मुलांमुळे.

उतरायणासाठी, म्हणजे आपल्या संक्रांतीसाठी, आमची मुलगी आदल्या दिवशीच पुण्याहून आली. आल्या आल्या कार्डिगन अंगात घातलं, बटणं लावली, आरशात पाठमोरी होऊन पाहिलं.

"आई, हे जरा लांब नाही झालं? फोटोत इथपर्यंत होतं."

मी ओळी मोजल्या. पाठीला आणि दोन्ही पुढ्यांना खालून चार-चार ओळी जास्त होत्या, आमच्या ठरलेल्या मापाबाहेरच्या, आणि त्या मी विणलेल्या नव्हत्या.

"पाठ उघडी राहते," बायको म्हणाली. "पुण्याला थंडी असते."

"आई, मी सत्तावीस वर्षांची आहे. मी आता वाढणार नाही."

"कोणी सांगावं."

मुलीने ते तसंच घातलं आणि दिवसभर काढलं नाही. उकडायला लागलं तरी.

त्याच संध्याकाळी फिजिओ मुलगी शेवटची आली. कार्डिगन पाहिलं, हाताने चाचपलं, आमच्या मुलीला गोल फिरायला लावलं. मग बायकोचा हात हातात घेऊन तिने आपली दोन बोटं पुढे केली, "मासी, दाबा." बायकोने दाबली. "बस, बस, तोडाल!" ती हसत म्हणाली. तिळाची चिक्की खाल्ली, चहा घेतला आणि उठली.

मी पैसे विचारले. जानेवारीतल्या सहा वेळा, दर खेपेचे तीनशे. ती म्हणाली, "पाचच, काका. आजनुं शेनुं? आजचे कसले, आज तर मी चिक्कीच खाल्ली." मी म्हटलं, आलीस ती खेप झाली. ती ऐकेना, मी ऐकेना. बायकोने माझ्या हातातलं पाकीट घेतलं, शंभराच्या नोटा काढल्या आणि मोजायला सुरुवात केली. अंगठा जिभेला लावून, उजव्या हाताने, एकेक नोट सरकवत. आम्ही तिघंही बघत होतो. मोजून झाल्यावर तिने त्या फिजिओच्या हातात दिल्या. अठराशे रुपये, पूर्ण.